परड्यातलं दुसरं घर: बांधायची परवानगी वेगळी, वाटायची वेगळी

धाकट्याचं लग्न ठरलं की आमच्याकडे सगळ्यांची नजर परड्याकडे जाते. पुढे रस्त्याला लागून आजोबांनी बांधलेलं घर, मागे विहीर, कढीपत्त्याचं झाड, म्हशीचा रिकामा गोठा आणि त्यापलीकडे चाळीस-पन्नास फूट मोकळी जागा. ‘मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर काढूया. चूल वेगळी, पण दार एकच,’ असं आई म्हणते आणि ते सगळ्यांना पटतं. बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ, खासबाग, पलीकडे कंग्राळी, हिंडलगा, येळ्ळूर, सगळीकडे हेच चालतं. गवंडी ठरतो, वाळूची गाडी येते. आणि मग कुणीतरी विचारतं, ‘परवानगी काढली काय?’

परवानगी काढायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात बहुतेक वेळा तीन गोष्टींची खिचडी झालेली असते. मालकी कुणाची, हा पहिला प्रश्न. जागा एक की दोन, हा दुसरा. आणि त्या जागेवर इमारत किती आणि कशी बांधता येईल, हा तिसरा. तिघांचे कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, आणि एकीकडचा कागद दुसरीकडे आपोआप चालत नाही.

भावाभावांत वाटणीपत्र झालं, ते सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं, म्हणजे मालकीचा प्रश्न सुटला. पण त्यामुळे नियोजनाच्या दृष्टीने एका प्लॉटचे दोन प्लॉट होत नाहीत. त्यासाठी कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ आहे. त्याच्या कलम १७ खाली जागेचे तुकडे पाडायला नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते. बेळगाव शहर आणि भोवतालच्या नियोजन क्षेत्रातल्या गावांसाठी हे प्राधिकरण म्हणजे बुडा, बेळगाव नगरविकास प्राधिकरण. आणि तुकडे न पाडता त्याच एका जागेवर मागे दुसरं घर उभं करायचं असेल, तर तो इमारत परवान्याचा विषय. शहरात तो महानगरपालिकेकडे जातो, कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ च्या कलम २९९ खाली.

म्हणून कुणीही सल्ला विचारला की मी आधी एवढंच विचारतो, ‘तुम्हाला दुसरं घर हवंय की दुसरा प्लॉट?’ बहुतेकांना घर हवं असतं, पण ते धावपळ प्लॉटची करत असतात. काहींचं नेमकं उलट असतं.

आमच्या घरी हेच झालं. वडील गेल्यावर थोरल्या भावाने आणि मी शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून घेतलं, पुढचं घर त्याचं, मागचं परडं माझं. दोघांत कधी शब्दाला शब्द लागला नव्हता, त्यामुळे तो कागद आम्हाला पुरेसा वाटला. नकाशा काढून अर्ज दिला आणि तो परत आला. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव होतं. वडिलांचा वारसा लागला नव्हता, आमचा तर नाहीच. आणि दोन्ही बहिणींचं नाव आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. थोरली बहीण निपाणीला असते. तिला फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मला परडं नको, पण मला विचारायचं तरी.’ ते वाक्य मला आजही आठवतं. चूक कुठल्याही कचेरीची नव्हती, आमचीच होती. वारसा लावणं, बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदवणं, मग वाटणीपत्र, यात वर्ष गेलं. अर्जाआधी केलं असतं तर तेच वर्ष बांधकामात गेलं असतं.

हे सगळं कुठून सुरू करायचं, तर जागा कोणत्या प्रकारची आहे तिथून. गावठाणातली किंवा जुन्या शहरातली जागा असेल तर तिला सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेचा क्रमांक, असतो. ही पद्धत आपल्याकडे मुंबई राज्यापासूनची, १९५६ च्या आधीची. बुडाच्या किंवा मंजूर खासगी लेआऊटमधला प्लॉट असेल तर बिनशेतीचा आदेश, लेआऊटचा नकाशा आणि वाटपपत्र किंवा खरेदीपत्र असतं. वाटपपत्रातल्या अटी नीट वाचा, कारण प्लॉटचे तुकडे न पाडण्याची अट त्यात असू शकते. कॅम्पातली जागा असेल तर महानगरपालिकेचा संबंधच नाही, तिथे कँटोन्मेंट बोर्ड. निपाणीला नगरसभा, खानापूरला पट्टण पंचायत. दोन्हीकडे १९६४ चा कर्नाटक नगरपालिका कायदा लागू.

खेड्यात ग्रामपंचायत परवाना देते, १९९३ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६४ खाली. पण गाव बुडाच्या नियोजन क्षेत्रात येत असेल तर नुसत्या पंचायतीच्या सहीवर भागत नाही, नियोजनाची मंजुरीही बघावी लागते. पंचायतीचा उतारा हल्ली ई-स्वत्तू या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून निघतो. त्यात नमुना ९ आणि ११-अ असेल तर जागा नियमात बसणारी. ११-ब असेल तर कर भरूनही ती नियमित होत नाही. त्या आधारावर परवाना मिळवणं अवघड, कर्ज मिळवणं त्याहून अवघड. आपल्या भागात शेतजमिनीचे दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे बाँडवर विकत घेऊन लोकांनी घरं बांधली आहेत, आणि अशा जागांचा मूळ प्रश्न बिनशेतीचा आहे. कर्नाटक भू-महसूल कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे शेतजमीन बिनशेती झाल्याशिवाय तिच्यावर घर बसत नाही, मग पहिलं काय आणि दुसरं काय. अशा ठिकाणी दुसऱ्या घराचा नकाशा काढून घेण्यात पैसे घालवू नका. आधी पहिल्या घराचा कागद सरळ करा.

कागद कन्नडमध्ये येतो आणि आपल्या माणसाची पंचाईत तिथे होते. मराठी शाळेत शिकलेला माणूस ‘तुम्हीच सांगा काय लिहिलंय’ म्हणून एजंटापुढे कागद धरतो आणि एजंट सांगेल ते खरं मानतो. आपल्या हक्काचा कागद आपल्याला वाचता येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण नेहमी लागणारे शब्द मोजकेच आहेत आणि निम्मे ओळखीचेच. ‘निवेशन’ म्हणजे प्लॉट, ‘कट्टड’ म्हणजे इमारत, ‘परवानिगे’ म्हणजे परवाना, ‘नक्षे’ म्हणजे नकाशा. ‘तेरिगे’ हा कर. ‘विस्तीर्ण’ म्हणजे क्षेत्रफळ. ‘ऋणभार’ लिहिलेला दाखला म्हणजे जागेवर बोजा आहे का ते सांगणारी ईसी. आणि ‘चेक्कुबंदी’ म्हणजे चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. या शेवटच्या शब्दाखाली काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचा, अक्षरं लागत नसतील तर शेजारच्या मुलाकडून वाचून घ्या. खरेदीपत्रातली चेक्कुबंदी आणि उताऱ्यातली चेक्कुबंदी जुळत नसेल तर अर्ज तिथेच अडतो.

कागदावरच्या मापावर तसाच विश्वास ठेवायचा नाही. आमच्या उताऱ्यावर रुंदी तेहतीस फूट. इंजिनिअरने एका रविवारी सकाळी मागच्या बाजूला टेप धरली. मी एका कुंपणाच्या चिऱ्याला टेपचं टोक दाबून उभा, तो दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर. एकतीस फूट सात इंच. त्याने पुन्हा मोजलं. तेवढंच. शेजारच्यांनी कधीतरी कुंपणाची भिंत नवी बांधताना ती आत सरकली होती, आणि ती आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत सरकली असणार. आता भांडून उपयोग नव्हता. सरकारी मोजणी मागवली, हद्दीच्या खुणा पक्क्या केल्या आणि नकाशा प्रत्यक्ष मापावर काढला. नकाशात तेहतीस दाखवून जागेवर एकतीस निघाले असते, तर दीड फुटाची ती फसवणूक आमच्या नावावर गेली असती.

दुसरं घर ‘बसतं’ की नाही हे कसं ठरतं, ते एका उदाहरणाने बघू. आकडे समजण्यापुरते धरा. खरे आकडे तुमच्या प्लॉटचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवर ठरतात आणि ते विकास आराखड्याच्या नियमांत असतात.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तीन गुंठ्यांचा प्लॉट धरा, तेहतीस फूट रुंद आणि नव्व्याण्णव फूट लांब, म्हणजे ३२६७ चौरस फूट. पुढचं जुनं घर २८ बाय ४०, म्हणजे ११२० चौरस फूट, एकमजली. एका बाजूला घर हद्दीला चिकटलेलं, दुसऱ्या बाजूला पाच फुटांचा बोळ. मागे न्हाणी आणि पत्र्याची शेड मिळून १२० चौरस फूट.

आता दोन मर्यादा बघायच्या. पहिली एफएआर, म्हणजे सगळे मजले मिळून एकूण किती चौरस फूट बांधता येईल. समजा दीड. मग ३२६७ गुणिले दीड, सुमारे ४९००. त्यातले १२४० वापरलेत, उरले ३६६०. लोक हा आकडा ऐकतात आणि खूश होतात. पण दुसरी मर्यादा असते कव्हरेजची, म्हणजे जमिनीचा किती भाग झाकता येईल. समजा साठ टक्के. ३२६७ चे साठ टक्के म्हणजे १९६०. जुनं घर आणि शेड मिळून १२४० आधीच झाकलेत. जमिनीवर उरले फक्त ७२०. परड्यातल्या घराला आधी अडवतं ते कव्हरेज, एफएआर नंतर. म्हणूनच रिकामी शेड किंवा गोठा ‘असू दे पडून’ म्हणून ठेवण्यात नुकसान आहे. १२० चौरस फुटांची ती न्हाणी आणि शेड पाडली तर नव्या घराला १२० फूट जास्त मिळतात.

तिसरी गोष्ट मार्जिन. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडायचे असं धरलं तर नव्या घराला रुंदी मिळते २३ फूट. ७२० भागिले २३, म्हणजे साधारण ३१ फूट लांबी. पुढे १० फूट, जुनं घर ४०, नवं घर ३१, मागे ६ फूट, बेरीज ८७. नव्व्याण्णवमधून ८७ गेले, दोन घरांच्या मध्ये उरले १२ फूट. विहीर त्या बारा फुटांत येते की नव्या घराच्या जोत्याखाली, हे आता पाटावर बसून कागदावर आखून बघता येतं. कुठल्याही इंजिनिअरकडे जायच्या आधी हे गणित घरात सगळ्यांनी मिळून करा. सुनेलाही बसवा, स्वयंपाकघर तिचं असणार आहे.

खोल्या किती मोठ्या हव्यात त्यालाही नियम आहे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ प्रमाणे एकच राहण्याची खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट असावी आणि तिची रुंदी किमान २.४ मीटर. छताची उंची २.७५ मीटर. दोन घरांच्या मध्ये सोडलेली मोकळी जागा नुसती शोभेची नाही, दोन्ही घरांच्या खिडक्यांना उजेड आणि वारा तिथून मिळतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंती ओल धरतात, जांभ्या चिऱ्याच्या तर जास्तच. बोळ अरुंद ठेवला तर मागच्या घरातला ओला वास दसऱ्यापर्यंत जात नाही.

शेजाऱ्यांच्या खिडकीचाही विचार करावा लागतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं विनाअडथळा मिळत आलेला उजेड-वारा हा हक्क बनू शकतो. तुमची नवी भिंत शेजाऱ्याच्या जुन्या खिडकीपुढे येणार असेल, तर चुन्याची फक्की मारायच्या आधी त्यांच्या घरी एक चक्कर टाका. ‘काका, इथून भिंत येणार, तुमच्या माजघराला अडचण होईल काय?’ एवढं विचारलं तरी निम्म्या तक्रारी पोचायच्या आधी संपतात.

आता तुकडे पाडण्याच्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण वर काढलेलं गणित नेमकं तिथे बदलतं. मागचा भाग स्वतंत्र प्लॉट करायचा म्हटलं की त्याला स्वतःचा रस्ता लागतो. वरच्या उदाहरणात मागच्या भागाला फक्त पाच फुटांचा बोळ आहे. त्यातून स्कूटर जाते, गॅसची टाकी जाते, पण नियोजनाच्या भाषेत तो रस्ता होत नाही. शिवाय तुकडे पडले की एफएआर, कव्हरेज आणि मार्जिन प्रत्येक तुकड्याला वेगळं मोजतात. पुढचं जुनं घर, जे मोठ्या जागेत नियमात होतं, ते अर्ध्या जागेत एकदम नियमाबाहेर जाऊ शकतं. खाते-विभागणीही, म्हणजे पालिकेच्या मालमत्ता-नोंदीत दोन वेगळी खाती करणंही, अशा मंजुरीशिवाय सहसा होत नाही. म्हणून जिथे भावंडांत सलोखा आहे आणि मागे रस्ता नाही, तिथे मी एकच सांगतो: जागा एकच ठेवा, घरं दोन बांधा, आणि कोण कुठे राहणार आणि कुणाचा किती हिस्सा, हे नोंदवलेल्या वाटणीपत्रात स्पष्ट लिहा. बोळातून जाण्याचा हक्कही त्यात लिहा. आज भाऊ आहे, उद्या त्याची मुलं असतील, परवा पुढचं घर विकतही जाईल. बोळाचा एक परिच्छेद लिहायला राहिला म्हणून कोर्टात गेलेली घरं मी जवळून पाहिली आहेत.

मागे न बांधता वर बांधायचा पर्यायही मोकळ्या मनाने बघा. जुन्या घरावर वेगळा जिना आणि वेगळं स्वयंपाकघर असलेला मजला काढला तर कव्हरेजचा एक फूटही खर्च होत नाही, परडं आणि विहीर जशीच्या तशी राहते. अडचण एकच, जुन्या भिंती. आपल्याकडची कितीतरी घरं मातीत जोडलेल्या चिऱ्यांची आहेत, स्लॅबचं ओझं घेणारी नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या पावसात जिल्ह्यात पडलेल्या घरांत मातीच्या भिंतींची घरं किती होती, ते त्या दिवसांत गावोगाव फिरलेल्यांना सांगायला नको. त्यामुळे भिंत किती पेलेल ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला बघू द्या, गवंड्याच्या ‘काय होत नाही हो’ वर जाऊ नका.

अर्ज ऑनलाइन जातो आणि परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टमार्फतच. सोबत मालकीचा कागद, ई-खाते, ईसी, चालू वर्षाची कराची पावती आणि नकाशे. नकाशात जुनं घरही दाखवावं लागतं, आणि इथे लोक घाबरतात. जुन्या घराचा मंजूर नकाशा हरवलेला असतो, किंवा घर इतकं जुनं की नकाशा कधी नव्हताच. मागे पुढे वाढवलेली न्हाणी, झाकलेला व्हरांडा, सगळं उघडं पडतं. लपवू नका. जागेवर तपासणीला माणूस येतो आणि टेप खोटं बोलत नाही. वाढीव बांधकाम नियमात बसत नसेल तर ते काढण्याची तयारी ठेवूनच नकाशा करा. फीबरोबर कामगार उपकरही येतो, बांधकाम खर्चाच्या एक टक्का. स्वतःच्या राहत्या घराचा एकूण खर्च ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही. पूर्वी ही मर्यादा दहा लाखांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती पन्नास लाख आहे.

परवाना हातात आल्यावर त्यावरची मुदत बघा, मगच जोत्याची आखणी. परवाना नसताना काम सुरू केलं तर महानगरपालिका कायद्याच्या कलम ३२१ खाली काम थांबवण्याची, प्रसंगी पाडण्याची नोटीस येऊ शकते. ‘बांधून टाकू, पुढे अक्रम-सक्रममध्ये करून घेऊ,’ हे वाक्य आपल्याकडे दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी आहे. बेकायदा बांधकाम दंड भरून नियमित करून घ्यायच्या त्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. तिच्या भरवशावर आयुष्याची पुंजी लावू नये, एवढं मी हात जोडून सांगेन.

कर्जाचं एक सांगायचं राहिलं. जागा वडिलांच्या नावावर आणि पगार मुलाचा असेल तर बँक वडिलांनाही कर्जात घेते, कारण गहाण पडणार ती त्यांची जागा. म्हणजे मागच्या घराचा हप्ता थकला तर पुढचं घरही अडकतं. सही करण्याआधी हे आई-वडिलांना समजेल अशा शब्दांत सांगायची जबाबदारी मुलाचीच.

घर पूर्ण झालं की महानगरपालिका कायद्याच्या कलम ३१० प्रमाणे पूर्णत्वाची सूचना देऊन राहण्याची परवानगी घ्यायची असते. पूर्वी हा कागद कुणी मागत नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा दाखला बघूनच वीज-पाण्याची जोडणी द्यावी. आपल्याकडे त्याचा अर्थ थेट हेस्कॉम या वीज कंपनीच्या मीटरशी जोडलेला. दुसऱ्या घराला स्वतःचा आरआर नंबर, म्हणजे वीज ग्राहक क्रमांक, मिळाला तर राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेची २०० युनिटपर्यंतची सवलत त्या मीटरसाठी वेगळी मागता येते. दोन घरं एकाच मीटरवर चालवली तर दोघांचा वापर एकत्र मोजला जातो आणि २०० ची रेषा सहज ओलांडते. शिवाय महिन्याच्या शेवटी बिल कुणी किती भरायचं यावरून दोन चुलींत कुरबूर, ती वेगळीच.

आमच्या मागच्या दाराशी आता दोन मीटर आहेत. पुढच्या बोळाची रुंदी वाटणीपत्रात फुटांत आणि इंचांत लिहिली आहे, आणि विहिरीचं पाणी दोघांचं, हेही. निपाणीची ताई गणपतीला आली की मागच्या घरात उतरते. पहिल्या वर्षी तिने विहिरीजवळच्या कढीपत्त्याखाली उभं राहून दोन घरांमधलं अंतर पावलांनी मोजलं होतं.